घरी ऐकायचे इलेक्ट्रॉनिक मिक्स: जोड, सूर आणि आवाजाची पातळी

खर्ज

घरात कमी आवाजात ऐकायचा मिक्स आणि क्लबात नाचवणारा सेट यांची कारागिरी वेगळी असते. नेटवर मिळणारं मार्गदर्शन मात्र जवळपास सगळं दुसऱ्या प्रकाराबद्दल असतं. घरच्या मिक्सला डान्सफ्लोअर सांभाळायचा नसतो. त्यामुळे एका तासात टेपवरचे प्रयोग, डब, हिप-हॉपचे ठेके, ॲसिड, रागावर बांधलेलं सिंथ असं काहीही शेजारीशेजारी ठेवता येतं. अडचण येते ती जोडांची, म्हणजे एका ट्रॅकमधून दुसऱ्यात जाण्याच्या जागांची, आणि हा धागा त्या जोडांसाठीच आहे.

एक गोष्ट आधीच ठामपणे सांगतो. घरच्या मिक्समध्ये जोड बसवताना आधी पातळी बघावी, मग सूर, मग पोत आणि सगळ्यात शेवटी ठेका. ऐकणारा खुर्चीत बसलेला असतो. ठेका जरा सरकला तर ते त्याच्या लक्षात येतं आणि तो पुढे ऐकत राहतो. आवाज एकदम चढला तर तो उठून बटण फिरवतो. आणि दोन आधारस्वर एकमेकांवर घासले तर मिक्स बंदच करतो.

बोलायला सोपं जावं म्हणून ६८ मिनिटांचा एक आराखडा समोर ठेवतो.

पहिली १२ मिनिटं बिनठेक्याची. इथे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या (एनआयडी) स्टुडिओतलं संगीत शोभतं. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरच्या मदतीने १९६९ साली तिथे मूग सिंथेसायझर बसला. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी त्यावर आणि टेपवर काम केलं. १९६९ ते १९७२ मधलं हे काम २०२३ साली संकलन म्हणून बाहेर आलं. त्यात ठेका शोधायला जाऊ नये. नुसते ऑसिलेटर आणि फीत ऐकावी.

मग १४ मिनिटं ९३ बीपीएमच्या (मिनिटाला ९३ बीट) आसपास. त्यानंतर १२४ च्या आसपास २२ मिनिटं. चरणजित सिंग यांच्या १९८२ च्या मुंबईतल्या एलपीला जागा या भागात. रोलँडचं बास सिंथ टीबी-३०३, ठेक्याचं यंत्र टीआर-८०८ आणि सिंथ ज्युपिटर-८ घेऊन त्यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. त्याच टीबी-३०३ वर उभ्या राहिलेल्या ॲसिड हाउसची शिकागोतली पहिली मानली जाणारी तबकडी आली ती त्यानंतर, १९८७ साली. शेवटची २० मिनिटं उतरत्या वेगाची, शेवटच्या सहा मिनिटांत किक अजिबात नाही.

पूर्ण मिक्स मोजल्यावर उणे १६ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप), ट्रू पीक, म्हणजे लाटेचं सगळ्यात उंच टोक, उणे १ डीबी. फाइल २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ वेव्ह, म्हणजे ६८ मिनिटांची साधारण १.०८ जीबी होते. ती जपून ठेवायला. वाटायला ३२० केबीपीएसची एमपी३ पुरते, ती १६३ एमबीच्या आसपास जाते.

प्रश्न असतील तर विचारा. ज्यांना एखाद्या भागाची जास्त माहिती आहे त्यांनी भर घालावी.

सावनी_डी

फार उपयोगी धागा. ९३ वरून १२४ वर जाताना मधे काय करायचं? पिच फेडर (वेग बदलणारं सरकतं बटण) कितीही ओढला तरी ३३ टक्क्यांचा फरक भरून निघणार नाही.

लूपमास्तर

सावनी, ओढायचाच नाही. हे आकडे मुद्दाम निवडलेले दिसतात. ९३ आणि १२४ यांचं गुणोत्तर ३:४ आहे. ९३ च्या तीन बीटना जितका वेळ लागतो, तितक्यात १२४ च्या चार बीट बसतात.

आता डिलेचं, म्हणजे पडसाद देणाऱ्या इफेक्टचं, गणित बघा. ६०,००० ला बीपीएमने भागलं की एका बीटचे मिलिसेकंद मिळतात. ९३ ला ६४५, १२४ ला ४८४. डिलेवर डॉटेड एट्थ नावाचा पर्याय असतो, तो म्हणजे पाऊण बीट. ६४५ चे पाऊणपट ४८४. म्हणजे ९३ च्या ट्रॅकवर डॉटेड एट्थचा डिले लावला की त्याचे पडसाद १२४ च्या वेगाने पडायला लागतात. जुना ट्रॅक बंद करा, पडसाद चालू ठेवा आणि नवा ट्रॅक त्या पडसादांवर सोडा. ऐकणाऱ्याला वेग बदलल्याचा धक्का बसत नाही, कारण नवा वेग त्याच्या कानात आधीच सुरू झालेला असतो.

मोजमाप असं: डिलेचा फीडबॅक (पडसादाचा पुन्हा फिरवलेला भाग) ७० टक्के ठेवला तर प्रत्येक पडसाद आधीच्यापेक्षा ३ डीबीने खाली येतो. सोळा पडसादांत, म्हणजे पावणेआठ सेकंदांत, तो जवळपास विरतो. नव्या ट्रॅकचा पहिला किक आठव्या पडसादाच्या आत यायला हवा, नाहीतर धरायला काही उरत नाही. पूल लांब हवा असेल तर फीडबॅक ८५ टक्के करा, मग प्रत्येक वेळी उतार दीड डीबीहूनही कमी असतो. पडसादांवर २५० हर्ट्झखाली आणि ४ किलोहर्ट्झवर फिल्टर लावा. खालचा भाग काढला नाही तर बास साचतो आणि नवा किक चिखलात पडल्यासारखा वाटतो. डिलेत पाठवायला शेवटच्या मापातला (चार बीटच्या तुकड्यातला) एखादाच आवाज निवडा: स्नेअर, रिम किंवा स्वराचा एक तुकडा. अख्खा ट्रॅक पाठवला की नुसता गोंगाट होतो.

असेच दुसरे दोन रस्ते म्हणजे २:३ (८३ वरून १२४.५) आणि दुप्पट (७० वरून १४०, ८५ वरून १७०). दुपटीचा रस्ता सगळ्यात सोपा, पण तिथे हाय-हॅट आधी आणि किक नंतर आणावा. दोन्ही एकदम आणले तर धावायला लागल्यासारखं होतं.

गुणोत्तर बसतच नसेल तर ४० ते ९० सेकंदांचा बिनठेक्याचा पूल टाका. पाऊस, टेपचा खरखराट, लांब पॅड (सिंथचे पसरट स्वर), काहीही. वीस सेकंदांत कान आधीचा वेग पुरता विसरत नाही, म्हणून तेवढ्याने भागत नाही.

कोकणकडा

डॉटेड एट्थची युक्ती लगेच टिपून ठेवली. वाचनखूण साठवली आहे.

एक शंका. रागावर बांधलेला ट्रॅक सॉफ्टवेअरमध्ये टाकला की तो भलतीच की (मूळ स्वर आणि मेजर-मायनर) दाखवतो, आणि दरवेळी वेगळी. तिथे कॅमेलॉट चक्राचा, म्हणजे जुळणाऱ्या की शोधायला त्यांना ८ए, ९बी असे क्रमांक देणाऱ्या तक्त्याचा, उपयोग होतो का?

अनाहत

फार थोडा होतो. की ओळखणारं सॉफ्टवेअर स्वरांची गर्दी मोजतं आणि ती पाश्चात्त्य मेजर-मायनरच्या चोवीस साच्यांपैकी कशाशी जास्त जुळते ते सांगतं. सा कुठे आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. पांढरी १ (सी) मधला यमन त्याला द्या. तीव्र मध्यमामुळे ते स्वर जी मेजरचे ठरतात, म्हणून ते ९बी किंवा ९ए दाखवतं. सा मात्र पांढरी १ वरच असतो. त्या ९ए वर विसंबून तुम्ही ई मायनरचा बास खाली घातला की यमनाचा आधारच हलतो.

करायचं असं. मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप लावा, ट्रॅक हेडफोनच्या एका कानात आणि तानपुरा दुसऱ्या कानात न ठेवता दोन्ही एकाच स्पीकरवर वाजवा. ॲपवर आधी पट्टी आणि मग सेंट (अर्धस्वराचा शंभरावा भाग) सरकवत न्या. दोन स्वर जवळ आले की आवाज हेलकावायला लागतो. हेलकावे मंद होत थांबले की सा सापडला. ‘काळी १, अधिक २० सेंट’ अशी नोंद फाइलच्या नावातच करा. जुन्या एलपी आणि कॅसेटवर पट्टी नेमकी क्वचितच सापडते, म्हणून सेंटची नोंद महत्त्वाची.

की-लॉक (वेग बदलला तरी सूर जागेवर ठेवणारी सोय) बंद असेल तर वेग १ टक्का बदलला की सूर १७ सेंट सरकतो. १२० चा ट्रॅक १२४ वर नेला तर तो ५७ सेंट चढतो, म्हणजे दोन पट्ट्यांच्या बरोबर मधे लटकतो आणि कशाशीच जुळत नाही. उलट ११७ चा ट्रॅक १२४ वर नेला तर ६ टक्के वाढतात आणि तो जवळपास नेमका एक अर्धस्वर चढतो. पुढच्या ट्रॅकची पट्टी बघून हे आधीच ठरवता येतं. की-लॉक लावायचा असेल तर ४ टक्क्यांच्या आत राहा. ५० हर्ट्झच्या बासचं एक आवर्तनच २० मिलिसेकंदांचं असतं, आणि वेळ ताणणारं सॉफ्टवेअर आवाजाचे छोटे तुकडे करून ते परत जोडतं. खालच्या स्वरांत ते जोड नीट बसत नाहीत आणि बास थरथरतो. टीबी-३०३ च्या घसरत्या स्वरांवर हा दोष ताबडतोब ऐकू येतो.

रागाचा ट्रॅक आणि मायनरचा ट्रॅक एकमेकांवर ठेवायचे असतील तर मूर्च्छना, म्हणजे रागातल्या दुसऱ्या स्वराला सा मानणं, कामाला येते. मालकंस घ्या: सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी. त्यात पंचम नाही. त्याच सा वरचा मायनर ट्रॅक खाली घातला तर पहिली काही मापं बरं वाटतं. बासमध्ये पंचम आला की मालकंस संपतो. त्याऐवजी मालकंसाच्या मध्यमाला सा मानणारा मायनर ट्रॅक निवडा. मध्यमापासून मोजलं की मालकंसाचे स्वर सा, कोमल ग, म, प, कोमल नी असे होतात, म्हणजे धानी, म्हणजेच मायनर पेंटॅटॉनिक. पांढरी १ च्या मालकंसाला एफ मायनर, कॅमेलॉटवर ४ए. हा जोड दोन मिनिटं चालवला तरी कुठे टोचत नाही.

भूपही असाच सोपा. त्याच्या धैवतापासून मोजलं की तोच धानी. पांढरी १ च्या भूपाला ए मायनर, ८ए.

तोडी, भैरव, ललत यांच्यावर मात्र दुसरं काहीही सुरेल ठेवू नका. अर्धस्वरांच्या जवळच्या जोड्या आहेत तिथे. फक्त सा चा आधार, नाहीतर निव्वळ तालवाद्य, नाहीतर आधीचा ट्रॅक पुरता संपवून दोन सेकंदांची शांतता. शांतता हाही जोडच आहे आणि घरच्या मिक्समध्ये ती वापरायला हरकत नाही.

खर्ज

अनाहत, मालकंस-४ए चा प्रतिसाद धाग्याच्या मथळ्याला जोडून ठेवावा असा आहे. एक भर: सा तपासताना ट्रॅकच्या सुरुवातीला आणि शेवटाला, दोन्हीकडे तपासा. जुन्या टेपवरून आलेल्या ध्वनिमुद्रणांत वेग शेवटाकडे थोडा सरकलेला असतो, आणि जोड तर शेवटीच द्यायचा असतो.

मुळा_काठचा

चर्चा छान चालली आहे, पण एका बाबतीत असहमत आहे. इतकं मोजूनमापून रीपरसारख्या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवलेला मिक्स ऐकायला साफ असतो, पण त्यात वाजवणाऱ्याचा हात ऐकू येत नाही. एका बैठकीत दोन डेकवर वाजवून रेकॉर्ड केलेल्या मिक्सला श्वास असतो. कोल्डकट या ब्रिटिश जोडीचा सॉलिड स्टील हा रेडिओ कार्यक्रम १९८८ पासून सुरू झाला, आणि इतक्या वेगवेगळ्या जातींचं संगीत एकत्र आणण्याची रीत अशा कार्यक्रमांतून हातांनी घडली.

आणि गोव्याचं उदाहरण तर घरचंच. हणजुण्याच्या किनाऱ्यावर आधी कॅसेट आणि नंतर डॅटवर (डिजिटल ऑडिओ टेप) वाजवायचे, कारण उन्हात तबकडी वाकते. डॅटच्या यंत्रावर वेग बदलायची सोय नसायची. मग बीट जुळवणं बाजूला ठेवून बिनठेक्याच्या लांब सुरुवातींवर आणि शेवटांवर जोड दिले जायचे. साधन तुटपुंजं, पण कधी सोडायचं याची जाण पक्की. रीपरमध्ये जोड हवा तितक्या वेळा बदलता येतो, म्हणून निवड करण्याची गरजच उरत नाही.

हवं तर मिक्सएक्स हे डीजे सॉफ्टवेअर वापरा. फुकट आहे, छोट्या कंट्रोलरवर नीट चालतं, आणि रेकॉर्डिंगबरोबर क्यू फाइल (कुठला ट्रॅक कधी सुरू होतो त्याची यादी) करून देतं. वाजवून झाल्यावर फक्त पातळ्या दुरुस्त करा, जोडांना हात लावू नका.

लूपमास्तर

ठेक्याच्या भागासाठी मान्य. १२४ चा २२ मिनिटांचा भाग हातानेच वाजवावा. ३२ मापांचा जोड तिथे ६२ सेकंदांचा होतो. तेवढ्यात बासची अदलाबदल कानाने केलेलीच चांगली. नव्या ट्रॅकचा बास पूर्ण बंद ठेवून तो आत आणा, सोळाव्या मापाच्या शेवटी जुन्याचा बास काढा आणि त्याच बीटला नव्याचा सोडा. दोन किक एकावर एक राहिले तर कधी एकमेकांना खातात, कधी दुप्पट होतात. दोन्ही वाईट.

पण बिनठेक्याच्या १२ मिनिटांत चार ट्रॅक एकाच वेळी अर्ध्या डीबीच्या हिशोबाने वरखाली करायचे असतात. ते दोन फेडरवर होत नाही. तिथे रीपरच हवं. भाग वेगवेगळे करा आणि शेवटी जोडा.

मुळा_काठचा

भाग वेगळे करून जोडायला माझी ना नाही. ठेक्याच्या भागात मात्र दुरुस्ती नको, या मतावर ठाम आहे.

कोकणकडा

आणखी दोन प्रश्न. एक, जोडाच्या बरोबर मध्यावर आवाज दबल्यासारखा होतो, जरी दोन्ही ट्रॅक एकाच पातळीचे असले तरी. दोन, मंद भाग पंख्याच्या आवाजात ऐकूच येत नाहीत, आणि ठेका सुरू झाला की शेजाऱ्यांपर्यंत जातो.

खर्ज

पहिल्याचं कारण फेडच्या वळणात आहे. सरळ रेषेचा फेड दिला की मध्यावर दोन्ही ट्रॅक ६-६ डीबीने खाली असतात. दोन वेगळे ट्रॅक एकत्र आले की बेरीज ३ डीबीने वर येते, ६ डीबीने नाही. म्हणजे मध्यावर ३ डीबीचा खड्डा पडतो. त्यासाठी कॉन्स्टंट पॉवरचं वळण वापरा, त्यात मध्यावर दोन्ही ट्रॅक ३-३ डीबी खाली असतात आणि बेरीज सपाट येते. ऑडॅसिटीत ‘क्रॉसफेड ट्रॅक्स’ या इफेक्टमध्ये कॉन्स्टंट पॉवरचा पर्याय आहे. रीपरमध्ये फेडवर राइट क्लिक करून आकार बदलता येतो. मिक्सएक्समध्ये क्रॉसफेडरच्या सेटिंगमध्ये मिळतो. अपवाद एकच: एकाच ट्रॅकचे दोन तुकडे जोडताना, जिथे तोच आवाज दोन्हीकडे आहे, तिथे सरळ रेषाच बरोबर. तिथे कॉन्स्टंट पॉवर दिली तर खड्ड्याऐवजी उंचवटा येतो.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. आपल्याकडे घरी ऐकणं म्हणजे डोक्यावर पंखा, खिडकी उघडी, आत कुकर. युरोपातल्या बंद खोलीसाठी बनवलेल्या ॲम्बियंट मिक्सचे मंद भाग इथे बुडणारच. म्हणून मंद आणि जोरकस भागांतलं अंतर मुद्दाम कमी ठेवावं लागतं. बिनठेक्याचा भाग शॉर्ट-टर्म (तीन सेकंदांच्या) मीटरवर उणे १९ च्या खाली जाऊ देऊ नका आणि ठेक्याचा भाग उणे १४.५ च्या वर. लाउडनेस रेंज (मंद-जोरकस भागांतलं अंतर) साडेचार एलयूच्या आत राहिली की पंख्याखालीही ऐकू येतं आणि बटणाला हात लावावा लागत नाही. मोजायला यूलीन लाउडनेस मीटरची फुकट आवृत्ती पुरते.

हे अंतर कंप्रेसरने (मोठा आवाज आपोआप दाबणाऱ्या साधनाने) कमी करू नका. प्रत्येक ट्रॅकचा गेन हाताने लावा. मास्टरवर कंप्रेसर ठेवला की १२४ च्या भागात प्रत्येक किकला मागचा पॅड आत-बाहेर करायला लागतो. लिमिटर ठेवा, पण तो अधूनमधून १-२ डीबीपेक्षा जास्त दाबत असेल तर तो ट्रॅकच खाली घ्या. ऑडॅसिटीच्या लाउडनेस नॉर्मलायझेशनमध्ये आधीपासून उणे २३ भरलेलं असतं. तो प्रसारणाचा मापदंड आहे, ते बदलून उणे १६ करा. आणि ट्रू पीक उणे १ का, तर एमपी३ करताना लाटेचा आकार थोडा बदलतो आणि टोकं मूळ फाइलपेक्षा वर जातात. शून्याला टेकलेली फाइल तिथे फाटते.

बासबद्दल: कमी आवाजात कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच हे मोजून दाखवलं. त्यामुळे मोठ्या आवाजात समतोल बसवलेला मिक्स रात्री हळू लावला की पातळ वाटतो. समतोल नेहमीच्या बोलण्याइतक्या आवाजात बसवा. मग एकदा मोठा करून बास अंगावर येत नाही ना ते बघा. उलट्या क्रमाने करू नका.

शेवटची तपासणी मोनोत. पुष्कळ घरांत एकच ब्लूटूथ स्पीकर असतो आणि तो डावं-उजवं एकत्र करतो. फार रुंद केलेले पॅड तिथे गायब होतात. कोरिलेशन मीटर (डावं-उजवं किती जुळतं ते दाखवणारा) बराच वेळ शून्याखाली राहिला तर त्या ट्रॅकची रुंदी कमी करा.

फितवाला

जुन्या एलपी आणि कॅसेटवरून घेणाऱ्यांसाठी थोडं.

एचएमव्हीच्या जुन्या एलपी पावसाळ्यात बुरशी धरतात, मुंबई-कोकणात तर हमखास. डिस्टिल्ड पाणी, त्यात २० टक्के आयसोप्रोपिल आणि दोन थेंब साबण, मऊ ब्रश, खाचांच्या दिशेने. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा. हे फक्त विनाइलसाठी. ७८ आरपीएमच्या लाखेच्या तबकडीला अल्कोहोल लावलं तर लाख विरघळते आणि तबकडी गेली. सुईचं वजन कार्ट्रिजच्या कंपनीने दिलेलंच ठेवा. कमी वजन सुरक्षित असतं हा गैरसमज आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि जास्त खरवडते.

घरघर येत असेल तर आधी टर्नटेबलची अर्थिंगची बारीक तार प्रीॲम्पच्या स्क्रूला लागली आहे का ते बघा. तरी राहिलीच तर आपल्याकडे ती ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर सापडते. अरुंद नॉच (ठरावीक कंपनसंख्याच कापणारा फिल्टर) लावा. रुंद लावला तर बासचे स्वर जातात. ३० हर्ट्झखाली सगळं कापून टाका, तिथे फक्त मोटर आणि वाकलेली तबकडी असते. घेताना २४ बिट, टोकं उणे ६ च्या वर जाऊ देऊ नका.

कॅसेट वाजवण्याआधी खिडकीतून फितीची कड बघा. पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. ती हेडवर जाते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर. तोंडाला मास्क लावून, दुसऱ्या, टाकाऊ डेकवर सावकाश पुढे-मागे गुंडाळून घ्या, फीत कोरड्या मऊ कापडावरून जाऊ द्या. फितीमागची फेल्टची छोटी गादी निखळली असेल तर आवाज दबका आणि हलता येतो. स्क्रूच्या कवचात रिळं बदलणं हा त्यावर उपाय. मग हेड आणि रबरी रोलर साफ करा. हेडला ९९ टक्के आयसोप्रोपिल, रोलरला ते वारंवार नको, रबर कडक होतं.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट ॲझिमथ, म्हणजे फितीशी हेडचा कोन. दोन्ही चॅनेल मोनो करा आणि हेडच्या बाजूचा स्प्रिंगवाला स्क्रू अगदी थोडा, एका फेऱ्याच्या आठव्या भागाइतका फिरवत ऐका. झांज, सतारीची जवारी, हॅट जिथे सगळ्यात उजळ होतात ती जागा बरोबर. मोनो करायचं कारण असं की कोन चुकला असताना दोन चॅनेलमधे जो सूक्ष्म काळाचा फरक पडतो, तो मोनोत वरचे स्वर खाऊन लगेच कळतो. हे प्रत्येक कॅसेटला वेगळं करावं लागतं. डॉल्बीचं (खरखर कमी करणारं) बटण फक्त डॉल्बीत भरलेल्या कॅसेटला. साध्या कॅसेटला लावलं की वरचे स्वर मिटतात.

खरखर काढणारं सॉफ्टवेअर ६ डीबीच्या पुढे नेऊ नका. त्यापुढे पाण्याखालून आल्यासारखे बुडबुडे ऐकू येतात आणि तानपुऱ्याची जवारी आधी मरते. खरखर राहू द्या, पण ती एकदम उगवू देऊ नका. ट्रॅकच्या आधीची कोरी फीतही रेकॉर्ड करून ठेवा आणि आधीच्या ट्रॅकखाली दहा-बारा सेकंद आधीपासून हळूहळू आणा. ट्रॅक सुरू होईपर्यंत कानाने ती खरखर स्वीकारलेली असते. संपतानाही तसंच. हा बारकावा पाळला तर १९७० ची टेप आणि आजची डिजिटल फाइल यांच्यातला सांधा कळतसुद्धा नाही.

सावनी_डी

फितवाला, शेवटचा परिच्छेद सोन्यासारखा. कॅसेटचा वेगच चुकीचा असेल तर? मूळ पट्टी माहीत नसताना दुरुस्त कशी करायची?

फितवाला

टेपच्या पार्श्वभूमीला विजेची घरघर भरली गेली असेल तर तिचा आधार घ्या. भारतात भरलेल्या टेपवर ती ५० हर्ट्झवर किंवा तिच्या जवळच हवी. स्पेक्ट्रममध्ये १०० हर्ट्झची रेषा १०२ वर दिसली तर टेप साधारण २ टक्के जलद चालली आहे. मात्र तुमच्याच डेकची घरघर मोजत नाही ना, ते फीत थांबवून आधी तपासा. फीत थांबल्यावरही रेषा राहिली तर ती डेकची.

रेवती_के

मिक्स तयार झाल्यावर टाकायचा कुठे? काही ठिकाणी चढवल्यावर लगेच उतरवला जातो.

अनाहत

साउंडक्लाउड आणि यूट्यूब आपोआप ट्रॅक ओळखतात. यूट्यूबवर बहुतेकदा मिक्स राहतो, पण जाहिरातींचे पैसे हक्कधारकाकडे जातात, किंवा काही देशांत तो बंद होतो. मिक्सक्लाउडकडे मिक्ससाठीचे परवाने आहेत आणि हक्कधारकांना पैसे पोचवायची व्यवस्था आहे, म्हणून घरच्या मिक्सला ते ठिकाण बरं. तिथे एकाच अल्बममधले तीनपेक्षा किंवा एकाच कलाकाराचे चारपेक्षा जास्त ट्रॅक ठेवू नका, नाहीतर काही देशांत ऐकता येत नाही. म्हणजे चरणजित सिंग यांच्या दहा रागांपैकी जास्तीत जास्त तीन. घराबाहेर, कॅफेत किंवा दुकानात लावणार असाल तर ते जाहीर वादन होतं. तिथे आयपीआरएस (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची संस्था) आणि पीपीएल (ध्वनिमुद्रणांच्या हक्कांची संस्था) यांचे परवाने लागतात, ते लावणाऱ्या जागेने घ्यायचे असतात.

ट्रॅक विकत घ्या. बँडकॅम्पवर फ्लॅक (दर्जा न गमावता आकार कमी केलेली फाइल) मिळतं आणि पैशांचा मोठा वाटा कलाकाराकडे जातो. यूट्यूबवरून ओढलेली फाइल स्पेक्ट्रोग्राममध्ये बघा: बहुतेकदा १६ किलोहर्ट्झच्या आसपास वरचा भाग एकदम कापलेला दिसतो. तिचं पुन्हा एमपी३ केलं की हॅट सळसळतात, आणि शेजारी चांगली फाइल असेल तर फरक लपत नाही.

ट्रॅकलिस्ट पूर्ण द्या: कलाकार, ट्रॅक, लेबल, साल. इतक्या वेगवेगळ्या ठिकाणचं संगीत एकत्र आणताना एवढं तर आपण त्यांना देणं लागतोच.

रेवती_के

ट्रॅकलिस्टमध्ये वेळ कुठली टाकायची? दोन मिनिटांचा जोड असेल तर नवा ट्रॅक नक्की कधी सुरू झाला म्हणायचा?

लूपमास्तर

जिथे नवा ट्रॅक जुन्यापेक्षा मोठा ऐकू येतो ती वेळ. फाइलमध्ये तो प्रत्यक्ष सुरू होतो ती नाही. ऐकणारा ‘हे काय वाजतंय’ म्हणून बघतो तेव्हा त्याच्या कानात जे आहे तेच नाव समोर यायला हवं. रीपरमध्ये त्या जागी मार्कर टाका. ऑडॅसिटीत लेबल ट्रॅक करून फाइल मेनूतून निर्यात करा, साधी टेक्स्ट फाइल मिळते: सुरुवातीचे सेकंद, टॅब, शेवटचे सेकंद, टॅब, नाव. क्यू फाइल हाताने लिहिणार असाल तर तिथला तिसरा आकडा सेकंदाचा शंभरावा भाग नसतो. सेकंदाला ७५ फ्रेम असतात, म्हणून अर्धा सेकंद म्हणजे ३७, ५० नाही. आणि ७५ किंवा त्यावरचा आकडा लिहिला तर पुष्कळ प्लेअर फाइल उघडायलाच नकार देतात.